ऑन ऑर अबाउट

आमच्या फौंड्रीत इंग्रजीचा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. ही पदवी मला कशी मिळाली ते आधी सांगून टाकतो. शेठनी निर्यातीची पहिली ऑर्डर आणली आणि ऑफिसात येऊन विचारलं, ‘इंग्लंडच्या मेलला उत्तर कोण देणार?’ अकौंटंट साहेब टाचण्यांच्या डबीत काहीतरी शोधू लागले. स्टोअरकीपर उठून स्टोअरला गेला. मी नवीन होतो, अशा वेळी कुठं बघायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी शेठकडे बघितलं. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं परराष्ट्र खातं माझ्याकडे आहे.

माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याच्या आधीची आमची पिढी चार वर्षं सुखात काढून मग एकदम एबीसीडीच्या तोंडी पडायची. गुरुजींनी प्रीपोझिशन हा अख्खा विषय एक डस्टर, एक टेबल आणि खडूचं खोकं एवढ्या सामानात उरकला. डस्टर टेबलावर ठेवलं की ऑन, टेबलाखाली धरलं की अंडर, खोक्यात टाकलं की इन. आम्ही बेंचावर उभं राहून ओरडायचो. मला वाटलं, झालं, संपलं. पण नोकरीला लागल्यापासून जगातल्या एकाही गिऱ्हाइकानं मला डस्टर कुठं आहे हे विचारलेलं नाही. ते विचारतात, उत्तर कधी देणार, किंमत कितीनं उतरवणार, रिजेक्शनची जबाबदारी कोणावर. यातलं काहीच टेबलावर ठेवून दाखवता येत नाही.

आपल्या मराठीत कसं, आधी वस्तू येते आणि मग तिची जागा. टेबल म्हणून घ्यायचं, मग सावकाश वर, खाली, मागे, जे सुचेल ते चिकटवायचं. विचार करायला तेवढी सवड मिळते. इंग्रजीत जागा आधी जाहीर करावी लागते आणि वस्तू नंतर. म्हणजे तोंड उघडायच्या आधी निर्णय झालेला पाहिजे. माझा तो कधीच झालेला नसतो, त्यामुळे त्या ठिकाणी मी ‘अं’ म्हणतो. माझ्या फोनवरच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं प्रीपोझिशन ‘अं’ हे आहे. बर्मिंगहॅमकडच्या आमच्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागात ज्या बाई आहेत, त्या बिचाऱ्या प्रत्येक ‘अं’ नंतर मला दोन-तीन अव्ययं सुचवायच्या आणि मी त्यातलं सगळ्यात भारदस्त वाटेल ते उचलायचो.

मेलमध्ये मात्र ‘अं’ लिहिता येत नाही. तिथं माझं खरं कर्तृत्व दिसतं.

एकदा कास्टिंगमध्ये ब्लो होल सापडले. बाईंचा मेल आला, फोटोसकट. धातूत हवा अडकली की अशी भोकं पडतात. आमच्याकडे ती अडकली होती यात वाद नव्हता. मी शेठना विचारून सविस्तर कळवतो, एवढंच मला लिहायचं होतं. ‘गेट बॅक’ हे मला येत होतं. पुढं ‘टू यू’ की ‘अ‍ॅट यू’ एवढाच प्रश्न होता. ‘टू’ फार साधं वाटलं. तक्रार गंभीर होती, शब्दही तसाच पाहिजे. मी लिहिलं, ‘आय विल गेट बॅक अ‍ॅट यू व्हेरी सून.’

बाईंचं उत्तर तीन शब्दांचं आलं. ‘आय होप नॉट.’

मला त्याचा अर्थ असा लागला की, बाईंना आम्हाला जास्त त्रास द्यायचा नाहीये. भल्या बाई आहेत, असं वाटून मी लगेच धीर दिला, ‘डोंट वरी मॅडम, आय विल डेफिनेटली.’ त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या मेलमध्ये त्यांच्या साहेबांनाही कॉपी असायची. ‘गेट बॅक अ‍ॅट’ म्हणजे सूड उगवणे, हे मला पुढं शब्दकोशात भलतंच काहीतरी शोधताना कळलं. एका फौंड्रीचा एक्स्पोर्ट क्लार्क भोकं पडलेल्या कास्टिंगबद्दल तक्रार केली म्हणून लवकरच सूड उगवतो म्हणतो, वर खात्रीही देतो. त्या बाईंनी ऑर्डर चालू ठेवली, हे त्यांच्या मनाचं मोठेपण म्हणायचं.

यानं पैशाचं काही नुकसान झालं नाही. पैशाचं प्रकरण पुढचं.

पंपाचं एक केसिंग आम्ही त्यांना 18 पौंडांना देत होतो. बाईंनी घासाघीस केली, शेठनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी तीन टक्क्यांनी कमी करायला तयार झाले. आता हे ‘नी’ म्हणजे ‘बाय’, हे आज मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण तेव्हा माझ्या डोक्यात ‘बाय’ म्हटलं की बाय बस, बाय पोस्ट, बाय हँड. किंमत काही बसनं जात नव्हती. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी चालली होती, आणि कुठं जायचं असेल तर गुरुजींनी ‘टू’ सांगितलं होतं. मी लिहिलं, ‘वी हॅव रिड्यूस्ड द प्राइस टू थ्री पर्सेंट.’ खाली शेठच्या नावाचा शिक्का.

म्हणजे किंमत तीन टक्क्यांनी नव्हे, तीन टक्क्यांवर आली. 18 पौंडांचे 54 पेन्स. बारा किलोच्या केसिंगला एका मिसळीचेही पैसे सुटत नव्हते. बाईंनी कळवलं की, ह्या भावात आम्ही तुमची सगळी फौंड्रीच घेतो, भट्टीसकट पॅक करून पाठवा. मी तो मेल कौतुकाचा समजून शेठना वाचून दाखवला. शेठ सातवी शिकलेले, पण आकडे त्यांना कुठल्याही भाषेत कळतात. त्यांनी खिशातलं पेन काढून पेपराच्या कोपऱ्यात गुणाकार केला, पेन परत खिशाला लावलं आणि म्हणाले, ‘आवो, भंगारवाला बी ह्यापेक्षा जास्त देतोय!’

दुरुस्तीचा मेल मी त्यांच्या देखत लिहिला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून ‘ह्याचा अर्थ काय?’ विचारत होते. ‘वी’चाही विचारला.

मग मी अभ्यासाला लागलो. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आणलं. त्यातल्या रेनसाहेबांनी ‘बो जेस्ट’ नावाची कादंबरीही लिहिली आहे, 1924 साली, परदेशी फौजेत भरती होऊन वाळवंटात निघून जाणाऱ्या भावांची. हे समजल्यावर मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा वाटला. इंग्रजी व्याकरणाशी ज्याचा संबंध आला, त्याला वाळवंटात निघून जावंसं वाटणारच. वडिलांनी जपून ठेवलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही माळ्यावरून काढली, तर तिच्यातून झुरळ निघालं. ते ऑन होतं की इन, हे ठरवायच्या आत आमच्या हिनं चप्पल मारली.

अभ्यासात मला एकूण असं दिसलं की, नियम आहेत, पण ते पाळायला कोणी बांधलेलं नाही. मोटारीत बसलं तर इन द कार आणि बसमध्ये बसलं तर ऑन द बस. मी विचार करून सिद्धांत काढला की, ज्यात उभं राहता येतं, ते ऑन. बस, रेल्वे, जहाज, सगळीकडे तो लागू पडत गेला. मला फार आनंद झाला. मग सायकल आली. तीही ऑन. सायकलवर उभं राहणारा माणूस मी सर्कशीत बघितला होता, पण व्याकरण त्याच्यासाठी लिहिलेलं नसावं. आणि आमच्याकडचं वडाप तर कुठल्याच सिद्धांतात मावत नाही. आत बारा जण इन, टपावर चौघं ऑन. मागच्या पायरीवर एका हातानं कडी धरून जो लोंबकळतो, त्याच्यासाठी इंग्रजीत अव्ययच निघालेलं नाही.

शिवाय आपली ‘शी’ आणि ‘बद्दल’ ही जोडी पाठ सोडत नाही. आपण तिच्याशी लग्न करतो, म्हणून मी मॅरीड विथ लिहिणार. त्यांना टू पाहिजे. आपण किमतीबद्दल चर्चा करतो, म्हणून मी डिस्कस अबाउट लिहिणार; त्यांना तिथं काहीच नको. जिथं आपल्याला सवय आहे नेमकं तिथंच त्यांनी रिकामी जागा ठेवली आहे. त्या रिकाम्या जागेकडे बघून मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं आणि हात आपोआप अबाउट टाइप करतो.

एका गोष्टीनं मात्र धीर आला. ड्रायडन नावाचा त्यांचा मोठा कवी, त्यानं 1672 साली बेन जॉन्सनच्या नाटकातली वाक्यं काढून, ही अव्ययावर संपतात म्हणून नावं ठेवली. मग स्वतःचं जुनं लिखाण उघडलं तर तिथंही तेच. तेव्हा हा गृहस्थ स्वतःची वाक्यं दुरुस्त करत बसला. आपलं इंग्रजी बरोबर आहे का, हे बघायला तो ते लॅटिनमध्ये करून बघायचा, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मी मराठीत करून बघतो. त्याला राजकवी केलं आणि मला शेठ ‘वी’चा अर्थ विचारतात.

त्यानंतर बाई स्वतःच आल्या, ऑडिटला. सोबत एक क्वालिटीचा इंजिनिअर, हातात जाड वही. कारखाना दाखवायचं काम अर्थात परराष्ट्र खात्याकडे. मी आठवडाभर वाक्यं पाठ केली होती आणि साचेखात्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं.

मग आम्ही भट्टीपाशी आलो. लोखंडाचा रस 1400 अंशांच्या आसपास तापलेला, उजेडानं डोळे दिपत होते. शेजारी आमचे आण्णा, मेल्टर, घामानं निथळलेले, रसाचा रंग बघून टेम्परेचर सांगणारा माणूस. त्यांची ओळख जरा भारी करून द्यावी म्हणून मी म्हणालो, ‘दिस इज अवर बेस्ट मॅन. ही पास्ड आउट इन 1994.’

बाईंनी भट्टीकडे बघितलं, मग आण्णांकडे. त्यांचा चेहरा एकदम कळवळला. ‘ओ डिअर. वॉज इट द हीट?’

‘नो, नो,’ मी म्हणालो, ‘विथ फर्स्ट क्लास.’

इंजिनिअरनं वही उघडली. आण्णांनी मला खुणेनं विचारलं, ‘काय म्हणत्यात बाई?’ मी म्हटलं, ‘तुमच्या तब्येतीचं विचारतायत.’ ‘बरी हाय म्हणावं,’ आण्णा म्हणाले आणि बाईंकडे बघून नमस्कार केला. मी भाषांतर केलं, ‘ही सेज ही इज ऑलराइट नाऊ.’

पास आउट होणं म्हणजे शुद्ध हरपणं, हे आपल्याकडे कुठल्याही आयटीआयला माहीत नाही. दरवर्षी पोरं पास आउट होतात आणि पेढे वाटतात. ऑडिटचा रिपोर्ट आला त्यात सुरक्षेच्या सदरात एक मुद्दा होता: भट्टीवरचा कामगार पूर्वी बेशुद्ध पडलेला असून प्रथमोपचाराची नोंद उपलब्ध नाही, सुधारणा कळवावी. आता आण्णांनी चौऱ्याण्णव साली आयटीआय केलं यावर सुधारणा काय कळवणार? शेठ म्हणाले, ‘एक पंखा बसवा आन् मोकळं व्हा.’ तो पंखा अजून आहे. आण्णा त्याला बाईंचा पंखा म्हणतात.

त्याच भेटीत जेवताना बाई कशाबद्दल तरी ‘डिफरंट टू’ म्हणाल्या आणि त्यांच्या इंजिनिअरनं ‘डिफरंट फ्रॉम’ म्हणून त्यांना टोकलं. दोघंही इंग्रज, एकाच कंपनीतले, आणि भाकरी हातात तशीच धरून वाद घालत बसले. मी सांगितलं की, आमचं ओहायोचं गिऱ्हाईक ‘डिफरंट दॅन’ लिहितं. त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं की, अमेरिकन लोकांना इंग्रजी येत नाही. ओहायोवाले फॉर्म फिल आउट करून मागतात, बाई फिल इन करून मागतात. मी दोघांनाही तोच फॉर्म पाठवतो आणि कोणाची तक्रार नाही. वाढपी पोरगा तेवढ्यात विचारून गेला, ‘पांढरा देऊ का तांबडा?’ ह्या प्रश्नात अव्यय नव्हतं म्हणून दोघांनी लगेच उत्तर दिलं.

त्यानंतर भाच्यानं माझ्या कॉम्प्युटरवर इंग्रजी दुरुस्त करणारं काहीतरी घालून दिलं. मी लिहायचो, ते पुसायचं. ‘काइंडली डू द नीडफुल’ गेलं, ‘डिस्कस अबाउट’ गेलं, वाक्यं इस्त्री केल्यासारखी यायला लागली. पंधरवड्यानं बाईंचा शेठना मेल: तुमचे ते गृहस्थ नोकरी सोडून गेले का? तसं असल्यास कळवावं, कारण नव्या माणसाचं काय म्हणणं आहे, ते आम्हाला समजत नाही, जुन्यांचं समजायचं. शेठनी तो मेल प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी दुरुस्तीयंत्र बंद केलं आणि कळवलं, ‘मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी मच हिअर ओन्ली.’ त्यांचा हसरा चेहरा आला.

एवढ्या सगळ्यातून मी असा निष्कर्ष काढला होता की, अव्यय चुकलं तरी माणसं समजून घेतात. तो बँकेनं खोटा ठरवला.

दुबईचं नवं गिऱ्हाईक आलं, त्यांनी लेटर ऑफ क्रेडिट उघडलं. ह्या कागदाचा स्वभाव असा की, त्यात लिहिलंय तसे कागद आले तर बँक पैसे देते. माल बघत नाही, माणूस बघत नाही, फक्त कागद. त्यात लिहिलं होतं, माल बिफोर 15 मार्च जहाजावर चढला पाहिजे. शेठनी विचारलं, ‘पंधराला चालतंय न्हवं?’ मी म्हटलं, ‘चालतंय की. पंधराच्या आत म्हणजे पंधरा धरूनच.’ आपल्याकडे बिल ‘पंधराच्या आत भरा’ म्हटलं की पंधरालाच रांग लागते. माल न्हावाशेवाला जहाजावर चढला पंधरा मार्चला. बिल ऑफ लेडिंगवर तारीख ठळक: शिप्ड ऑन बोर्ड, 15 मार्च.

बँकेतल्या साहेबांनी कागद परत माझ्याकडे सरकवले. आपल्यातलेच, गडहिंग्लजकडचे. त्यांनी खणातून एक पातळ पुस्तिका काढली. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळानं केलेली लेटर ऑफ क्रेडिटची नियमावली, यूसीपी 600, 1 जुलै 2007 पासून लागू, एकूण 39 कलमं. साहेबांनी तिसरं कलम उघडून बोट ठेवलं आणि मी वाचता वाचता खुर्चीत सरसावून बसलो.

ते कलम अव्ययांचंच होतं! माल पाठवायच्या मुदतीसाठी टू, अंटिल, टिल, फ्रॉम, बिट्वीन हे शब्द आले तर सांगितलेली तारीख धरायची. बिफोर आणि आफ्टर आले तर ती तारीख सोडायची. इतकं स्वच्छ मला गुरुजींनी, रेनसाहेबांनी, बाईंनी, कोणीच कधी सांगितलं नव्हतं. इंग्रजांना जे जमलं नाही, ते बँकवाल्यांनी पॅरिसमध्ये बसून ठरवून टाकलं होतं. मी साहेबांना म्हटलं, ‘हे आधी का नाही दाखवलंत?’ ते म्हणाले, ‘खाली वाचा.’ खाली असं की, पैसे कधी द्यायचे ती मुदत मोजताना मात्र फ्रॉममध्ये ती तारीख धरायची नाही. म्हणजे एकाच कागदावर, एकाच पानावर, माल पाठवताना फ्रॉम पंधरा म्हणजे पंधरा धरून आणि पैसे मागताना फ्रॉम पंधरा म्हणजे सोळापासून. द्यायच्या वेळी एक दिवस उशिरा मोजणं हे कुठल्याही देशातल्या बँकेला शोभतं.

आमच्या कागदांवर डिस्क्रेपन्सीचा शेरा पडला. दुबईच्या बँकेनं गिऱ्हाइकाला विचारलं, त्याला मालाची घाई होती म्हणून त्यानं मान्य केलं, आणि फी कापून पैसे आले. ‘बिफोर’च्या जागी ‘अंटिल’ करून घ्यायला एक मेल पुरला असता. शेठना मी तिसरं कलम नीट समजावून सांगितलं, मराठीत, तारखा मांडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यातलं एकच त्यांना मनापासून आवडलं: ‘ऑन ऑर अबाउट’. ह्या शब्दांपुढं जी तारीख असेल तिच्या आधीचे पाच दिवस आणि नंतरचे पाच दिवस, दोन्ही टोकं धरून. ‘म्हंजे अकरा दिवस?’ शेठनी विचारलं. ‘कायद्यानं?’ मी म्हटलं, ‘पॅरिसच्या.’

तेव्हापासून कारखान्यात सगळं ऑन ऑर अबाउट चालतं. कोळशाच्या व्यापाऱ्याचं बिल ऑन ऑर अबाउट वीस. पगार ऑन ऑर अबाउट सात. पोरं सहा महिन्यांत अकरा दिवस बोटावर मोजायला शिकली. आण्णांची मुलगी पास आउट झाली, तिचे पेढेही त्यांनी ऑन ऑर अबाउट वाटतो म्हणून सांगितलं. मी धीर करून माझ्या पगारवाढीचं विचारलं, तर शेठ लगेच म्हणाले, ‘दिवाळी. ऑन ऑर अबाउट.’ मी कॅलेंडरवर पाडव्याला गोल केला, अलीकडं पाच, पलीकडं पाच, दोन्ही टोकं धरून. अकरावा दिवस संध्याकाळपर्यंत गेला तेव्हा शेठच्या केबिनमध्ये जाऊन तिसरं कलम त्यांच्यापुढं ठेवलं.

शेठनी चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत बरोबर एका शब्दावर आणलं आणि म्हणाले, ‘तुमी ऐकण्यात चुकलासा. मी आफ्टर म्हणालो हुतो.’